साचा चुकवायचा त्यांनी आणि घासत बसायचे आम्ही

गेले सात आठवडे आमच्या नाशिकच्या घरातील जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग एका विमानाने अडवून ठेवला आहे आणि त्या विमानाला अजून विमानाचा आकार आलेला नाही. एचएफ-२४ मारुत या लढाऊ विमानाच्या १/७२ प्रमाणातील प्रतिकृतीचे हे व्हॅक्यूम फॉर्म किट (म्हणजे तापवलेली प्लास्टिकची शीट हवा शोषून साच्यावर बसवून काढलेले भाग) मी बाहेरदेशातून मागवले, कारण इंजेक्शन मोल्डिंगचे, म्हणजे साच्यात प्लास्टिक ओतून काढलेल्या तयार सुट्या भागांचे, किट शोधूनही माझ्या हाती लागले नव्हते. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या देखरेखीखाली बंगळुरूत घडलेले, १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालेले आणि १९७१च्या युद्धात राजस्थान आघाडीवर लढलेले हे आपले विमान स्वतःच्या हाताने करावे, एवढीच माझी इच्छा होती.

अशा किटमध्ये कष्ट असतात हे मला ठाऊक होते आणि माझी तक्रार कष्टांबद्दल नाहीच. पांढऱ्या शीटवर उठवलेल्या प्रत्येक भागाभोवती बारीक पेन्सिलीने रेघ मारायची, कटरने हलक्या हाताने दोन-तीनदा कापून तो भाग वाकवून मोडून घ्यायचा, आणि मग काचेवर चिकटवलेल्या वॉटर पेपरवर पाण्याचे थेंब टाकून ती पेन्सिलीची रेघ नाहीशी होऊ लागेपर्यंत घासत राहायचे; एक मिनिट जास्त घासले तर भाग कायमचा लहान होतो. दोन अर्धुके जुळवायला खुंट्या नसतात, म्हणून आतून पट्ट्या चिकटवाव्या लागतात. त्यासाठी पातळ स्टायरीन शीट शोधत मी मेनरोड, रविवार कारंजा, शालिमार असे सारे पालथे घातले, तेव्हा प्रत्येक दुकानदाराने माझ्यासमोर सनबोर्ड, म्हणजे फोमचा जाड पुठ्ठा, ठेवला. शेवटी जुन्या किटांच्या उरलेल्या तुकड्यांतून पट्ट्या कापल्या. हे सगळे मी विनातक्रार केले.

संताप आला तो धडाची दोन्ही अर्धुके जोडून बारीक मापे घेणारा व्हर्नियर लावला तेव्हा. मारुतचे धड मध्यभागी कमरेसारखे आत घेतलेले आहे, तीच त्याची ओळख आहे, आणि माझ्या हातातील धडाला कमरच नव्हती. नकाशापेक्षा रुंदी १.८ मिलिमीटरने जास्त भरली. ज्यांना हे क्षुल्लक वाटेल त्यांनी त्याला ७२ने गुणून पाहावे; खऱ्या विमानावर तो फरक जवळपास १३० मिलिमीटरचा होतो.

हे कसे झाले, ते मला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचे ट्रे काढणाऱ्या आमच्या शेजारच्या काकांनी तो भाग हातात घेताच सांगितले. तापवलेली शीट उंचवट्याच्या साच्यावर ओढली की साच्याची नेमकी मापे शीटच्या आतल्या बाजूला उतरतात, बाहेरच्या बाजूला मात्र शीटची जाडी वाढते आणि पॅनेलच्या, म्हणजे विमानाच्या पत्र्यांच्या जोडांच्या, रेघाही बोथट होतात. म्हणून साचा करतानाच ती जाडी वजा करायची असते, किंवा खोलगट साचा वापरायचा असतो, म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग नेमका येतो. बिस्किटांचे ट्रे करणाऱ्या कारखान्यात पहिल्या आठवड्यात शिकवली जाणारी गोष्ट विमानांची किटे विकणाऱ्याला ठाऊक नसावी, की ठाऊक असूनही त्याने साचा पुन्हा करण्याचा खर्च वाचवला?

मी मापांसह, छायाचित्रांसह विक्रेत्याला लिहिले. उत्तर दोन ओळींचे आले: अशी किटे अनुभवी माणसांसाठी असतात आणि त्यांत थोडीफार दुरुस्ती गृहीतच धरलेली असते. या उत्तराने माझे डोके फिरले. एक मिलिमीटरच्या शीटवर बाहेरून एवढे घासले तर भिंतीला भोक पडेल, त्यामुळे आतून इपॉक्सीचा थर देऊन मगच बाहेरून उतरवावे लागते. याला दुरुस्ती म्हणत नाहीत, याला दुसऱ्याने टाळलेले काम स्वतःच्या खांद्यावर घेणे म्हणतात, आणि त्या कामाचेही पैसे मी त्यालाच मोजले आहेत.

कॅनॉपीची, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाची, कथा तर सांगवत नाही. पारदर्शक भाग एकच दिला होता, तोही पिवळट आणि इतका ठिसूळ की ब्लेडचा पहिला ओरखडा उठताच पुढच्या काचेपासून मागपर्यंत तडा गेला. पातळ पारदर्शक शीटचा एक जादा तुकडा खोक्यात टाकायला किती खर्च आला असता? अंबडचे काका आता लाकडी साच्यावर मला नवी कॅनॉपी ओढून देणार आहेत, आणि तो साचा मी शीटची जाडी वजा करूनच तासतो आहे.