आठ लिटरांतले अभ्यंग

उन्हाळा लागला की आमच्या पुण्यातील सोसायटीत पाण्याचा टँकर येऊ लागतो आणि टँकरच्या पाठोपाठ सूचनाफलकावर सचिवांचे निवेदन येते. यंदाच्या निवेदनात नळी लावून गाडी धुण्यास सक्त मनाई केली होती आणि त्याखाली, बेंगळुरूच्या जलमंडळाने मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने वाहने धुणाऱ्यांना ५,००० रुपये दंड जाहीर केला होता, अशी माहितीही जोडली होती. आमच्या सोसायटीत असा दंड नाही. परंतु तो असता तर आपण कितीला पडलो असतो, याची सभासदांना कल्पना यावी, असा सचिवांचा उदात्त हेतू असावा.

नळी गेली तरी पहाटे गाड्या पुसणारे मामा होतेच. त्यांच्याकडे एक बादली आणि एक फडके असते आणि त्या एका फडक्याने ते पार्किंगची सबंध रांग पुसतात, त्यामुळे आमच्या गाडीपर्यंत येताना त्या फडक्यात अलीकडच्या सर्व गाड्यांची धूळ जमा झालेली असते. मामांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. दुर्दैवाने आमची गाडी काळी आहे. गाडीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा जो पारदर्शक थर असतो, तो साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ असतो, आणि आमच्या रस्त्यावर बारा महिने चालणाऱ्या बांधकामांची धूळ त्यावर येऊन बसते. वाळूतील क्वार्ट्‌झचे कण काचेपेक्षाही कठीण असतात, हे शाळेत शिकलो होतो. ते आपल्याच बॉनेटवर सिद्ध होईल असे वाटले नव्हते. कोरडे किंवा मळके फडके फिरले की उन्हात सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसू लागतात. ते पॉलिश करून काढता येतात, असे दुकानदार सांगतो. मात्र पॉलिश म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत तोच थर घासून कमी करणे, हे तो पैसे घेतल्यानंतर सांगतो.

तेव्हा मी न विसळता धुण्याची विद्या पत्करली. आठ लिटर पाण्यात या कामासाठीच मिळणारा सुमारे ३० मिलिलिटर द्रव टाकायचा. त्यातील पॉलिमर धुळीच्या कणांना वेढतात, पृष्ठभाग निसरडा करतात आणि कण रंगावर न घासता कापडाच्या तंतूंत शिरतात. यात फेस होत नाही आणि सगळ्या अडचणींचे मूळ तिथेच आहे. फेस नसेल तर माणूस काही धुतो आहे यावर आपल्याकडे कोणाचाही विश्वास बसत नाही. आईने तर पहिल्याच दिवशी गॅलरीतून विचारले, “अरे, साबण लावून न विसळलेलं भांडं तू जेवायला घेशील का?” हा साबणच नव्हे, असे मी खालून ओरडून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “मग नुसतं पाणीच फासतोयस की!” या युक्तिवादातून बाहेर पडण्याची वाट मला अजून सापडलेली नाही.

कृती मात्र सोवळ्याची आहे. गाडी सावलीत आणि बॉनेट थंड असावे लागते, कारण उन्हात मिश्रण पुसण्याआधीच सुकते आणि बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग मागे ठेवून जाते. आधी तेच मिश्रण फवारून धूळ थोडा वेळ भिजू द्यायची. मग मायक्रोफायबरच्या कापडाची चौघडी करायची, म्हणजे त्याच्या आठ बाजू मिळतात. टपापासून सुरुवात करून खाली येत, वजन न देता, सरळ रेषेत एक हात फिरवायचा आणि प्रत्येक वेळी नवी बाजू घ्यायची. वापरलेले कापड पुन्हा बादलीत बुडवायचे नाही. दारांच्या खालची पट्टी सर्वांत शेवटी, कारण खरी वाळू तिथे असते. चिखलाने लडबडलेल्या गाडीला मात्र ही विद्या लागू पडत नाही. पावसाळ्यात ताम्हिणी घाट करून आलेली गाडी मी निमूटपणे सर्व्हिसिंगवाल्याच्या फवाऱ्याखाली नेतो. हे कापड धुताना सॉफ्टनर घालायचा नाही, त्याने तंतूंवर लेप बसून त्यांची धूळ धरण्याची शक्ती जाते. आमच्या घरात त्या कापडांसाठी वेगळी बादली आहे, यावरून सौ.ने, “माझ्या रेशमी साड्यांनासुद्धा हा मान नाही,” असे पाहुण्यांसमोर म्हटलेले आहे.

तरीही हे सारे जमते. जमत नाही ते लोकांना थोपवणे. फवारलेली धूळ भिजत असताना गाडीशेजारी स्वस्थ उभ्या असलेल्या माणसाला मदतीची गरज आहे, असे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाटते. वॉचमन खांद्यावरचा पंचा पुढे करतो. मुले मागच्या काचेवर बोटाने नावे लिहितात आणि शेवटी काचेवरून डिकीवर उतरतात. तळमजल्यावरचे काका निवृत्त अभियंते असल्यामुळे प्रयोगाशिवाय काहीच मान्य करीत नाहीत. ते अजून न भिजलेल्या दारावरून तर्जनी ओढतात, तिच्याकडे बारकाईने पाहतात आणि “धूळ आहे अजून” असा निष्कर्ष काढतात. कबुतरे आणि कावळे यांच्या देणगीबद्दल तर बोलायलाच नको. तिच्यातील आम्लाने रंगावर डाग कोरला जातो, म्हणून ती लवकर काढावी लागते, पण घासून नव्हे, तर वर ओले कापड ठेवून ती मऊ होईपर्यंत वाट पाहावी लागते. टपावर ओले कापड ठेवून त्याकडे बघत उभ्या असलेल्या मला, “ताप आला आहे का गाडीला?” असे काकांनी एकदा विचारले होते.

दसऱ्याला मात्र माझे सर्व नियम कोलमडतात. तारेत ओवलेला झेंडूचा हार वाऱ्याने हलून रंगावर घासतो, म्हणून तो आत आरशाला बांधावा, अशी सूचना मी केली होती. “देवाला आतून हार घालतात का रे?” असे आईने विचारल्यावर ती मागे घेतली. मग आई बॉनेटवर ओल्या कुंकवाचे ठसठशीत स्वस्तिक काढते. कुंकू हळद आणि चुना यांपासून बनते. चुना अल्कलीधर्मी असतो आणि अल्कली रंगावर फार काळ राहू देऊ नये, असे वाचल्याचे मी तिला नम्रपणे सांगितले. स्वस्तिक पुसायचे नसते, ते आपोआप जाईल तेव्हा जाईल, असा निर्णय मिळाला.

त्यामुळे दसऱ्यानंतरच्या रविवारी मी स्वस्तिकाला वळसा घालून बॉनेट पुसत होतो. हात सरळ रेषेतच फिरत होता, फक्त मध्ये थांबत होता. काका आले, चष्मा सारखा करून वाकले आणि म्हणाले, “हे मधलं राहिलं की हो तुमचं!” आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला. मी बादली ओलांडून त्यांच्यापर्यंत पोहोचणार, एवढ्यात वरून आईने असा काही आवाज दिला की रुमाल तत्काळ खिशात परत गेला.