तालुक्यात बसून जागतिक संशोधन कसं करावं: काही मोफत सल्ले

तुम्ही तालुक्याच्या गावी डॉक्टर आहात आणि अचानक संशोधन करायची हुक्की आली आहे? अभिनंदन. आधी एक कप चहा घ्या, थोडं पडा, बऱ्याचदा हुक्की जाते. नाहीच गेली तर पुढचे सल्ले वाचा. मी यातून नुकतीच जाते आहे. गेल्या आठवड्यात एका परदेशी जर्नलची ईमेल आली. आमचा सर्पदंशावरचा पेपर त्यांना फार आवडला, तपासनीसांनाही आवडला, स्वीकारला आहे, मनःपूर्वक अभिनंदन आणि सोबत बिल जोडलं आहे. पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून लेखकाने भरायची फी, तीन हजार डॉलर. कर वेगळा. आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात एवढ्या पैशांत काय काय होतं, ते आमच्या अकाउंटंटसमोर बोलायची माझी हिंमत झाली नाही.

तर पहिला सल्ला. जन्म गरीब देशात घ्या, पण जपून. नुसतं गरीब असून भागत नाही, देश लहानही हवा. गरीब देशातल्या लेखकांना फी माफ असते, असं जवळजवळ प्रत्येक बडा प्रकाशक वेबसाइटवर मोठ्या कनवाळूपणे लिहितो. मीही मोठ्या आशेने अर्ज केला. उत्तर दोन ओळींत आलं: तुमचा देश यादीत नाही. शोधलं तर कळलं की या याद्यांमागे गणित असतं. जागतिक बँकेच्या हिशेबात भारत अजून निम्न-मध्यम उत्पन्न गटातच आहे, म्हणजे माणशी बघितलं तर आपण गरीबच. पण एका बड्या प्रकाशकाच्या नियमात या गटातल्या देशांना अर्धी सवलत मिळते ती देशाचं एकूण उत्पन्न २०० अब्ज डॉलरच्या आत असेल तरच. आपण एकशे चाळीस कोटी गरीब एकत्र मोजले की श्रीमंत होतो! जमिनीवर गोधडी टाकून झोपलेल्या बाईला रात्री मण्यार चावते, ती जीडीपी विचारून चावत नाही. पण बाई दगावली आणि तिच्यावर पेपर लिहिला की मध्ये जीडीपी येतो.

दुसरा सल्ला: वाचू नका.

खरंच. वाचनाने माणूस अस्वस्थ होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये हिनारी नावाची सोय काढली, गरीब देशांतल्या आरोग्यसंस्थांना जर्नल फुकट किंवा नाममात्र दरात. त्यातही भारत नाही. कारण वर सांगितलंच. मग २५ नोव्हेंबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', म्हणजे सरकारने एकत्र वर्गणी भरून संस्थांना जर्नल वाचायला देणं, मंजूर केलं. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल, ६,३०० संस्था. मोठं काम आहे, मी नावं ठेवत नाही. फक्त या 'वन नेशन'मध्ये सरकारी विद्यापीठं, सरकारी कॉलेजं आणि केंद्राच्या संशोधन संस्था आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र नाही. ट्रस्टचा दवाखाना नाही. गावातला खासगी एमबीबीएस नाही. म्हणजे साप जिथे चावतो तो भाग नेशनच्या बाहेर आणि जिथे एसी आहे तो आत.

तेव्हा सारांश वाचा. तो फुकट असतो. औषधाचा डोस सहसा सारांशात नसतो, पण एवढं काय मनाला लावून घ्यायचं.

कुणाला हा नसता बाऊ वाटत असेल तर लायबेरियाचं बघा. १९८२ मध्ये काही युरोपीय संशोधकांनी एका जर्नलमध्ये लिहून ठेवलं होतं की लायबेरियात इबोलाच्या खुणा दिसतात, तिथल्या आरोग्यकेंद्रांनी सावध असावं. २०१४ मध्ये साथ आली आणि त्या देशात साडेचार हजारांहून जास्त माणसं गेली. साथ चालू असताना सगळे म्हणत होते, या भागात इबोला कधी नव्हताच. त्या देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जाहीर लिहिलं की असा एक पेपर उघडायला ४५ डॉलर लागतात, तिथल्या डॉक्टरचा अर्ध्या आठवड्याचा पगार. लेखकांत एकही लायबेरियन नव्हता. रक्त लायबेरियाचं, पेपर युरोपाचा, कुलूप प्रकाशकाचं. इशारा तीस वर्षं त्या कुलपामागे बसून होता.

पेपर हवाच असेल तर डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जा. 'कुणाकडे पीडीएफ आहे का? अर्जंट.' मग तीन जण हात जोडतात, एक जण गुड मॉर्निंग टाकतो, पाचवा भलताच पेपर पाठवतो. कुलपातले पेपर परवानगीशिवाय फुकट देणाऱ्या साय-हब या साइटचं नाव काढू नका, एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी डिसेंबर २०२०मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०२५मध्ये कोर्टाने ती साइट भारतात बंद करायला सांगितली. कायदा कायदा आहे. त्या बंदीनंतर पीजीची मुलं कुठून वाचतात, हे त्यांच्या गाइडने विचारू नये आणि मीही इथे लिहिणार नाही.

सल्ला पुढचा, पेपरच्या नावातून गावाचं नाव काढा. तालुका दिसला की 'हे केवळ स्थानिक महत्त्वाचं आहे' असा शेरा येतो. लंडनमधल्या एका वॉर्डातले रुग्ण जागतिक असतात.

एखादे परदेशी सर सोबत घ्या. ते प्रश्नावलीत दोन स्वल्पविराम बदलतील आणि पहिलं नाव त्यांचं लागेल.

आता ईमेल उघडा. रोज सकाळी एखादं जर्नल तुम्हाला 'परमआदरणीय प्राध्यापक' म्हणतं. मी साध्या एमबीबीएसवर डिप्लोमा केलेली बाई, मला दंतवैद्यकाच्या, रोबोटिक्सच्या आणि एकदा मत्स्यशेतीच्या जर्नलने संपादक मंडळावर बोलावलं आहे. इथे तीन दिवसांत पेपर छापतात, फी काही हजार रुपये, तपासनीस नाही, कटकट नाही. अशा जर्नलांची एक यादी अमेरिकेतले ग्रंथपाल जेफ्री बील ठेवत होते, ती २०१७ मध्ये इंटरनेटवरून गेली. आपल्या यूजीसीने चांगल्या जर्नलांची 'केअर' यादी काढली होती, ती २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली आणि कॉलेजांना सांगितलं की तुमचं तुम्ही ठरवा. कॉलेजं काय ठरवणार ते आपल्याला ठाऊक आहे. थिसिस जमा करायची तारीख जवळ आली की पोरं कुठे पैसे भरतात तेही ठाऊक आहे.

दुसऱ्यांचे पेपर मात्र फुकट तपासा. तीच जर्नलं तुम्हाला चौदा दिवसांत परीक्षण द्या म्हणून गळ घालतात आणि बदल्यात पीडीएफ प्रमाणपत्र देतात. आंबा तुम्ही पिकवायचा, पेटी तुम्ही भरायची, वाशीला तुम्ही पोचवायची, दुसऱ्याच्या पेटीतले नासके आंबेही तुम्हीच निवडून द्यायचे आणि शेवटी दलालाला पेटी घेतल्याबद्दल वर पैसे मोजायचे. कोकणात असा बागायतदार भेटला तर त्याला घरचे दोन दिवस कोंडून ठेवतील. आपल्यात त्याला प्राध्यापक म्हणतात.

आणि माहिती गोळा करायचं काम? ते आशाताईंवर सोपवा. आमच्या फॉर्ममध्ये एक साधा रकाना होता: दंश झाल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंत किती तास. लोक तास सांगत नाहीत. 'म्हस दोहून झाली तवा चावला', 'शेवटची एसटी गेली होती', 'भगताने उतारा केला, मग दिवस उजाडला.' पावसात, छत्री मानेत धरून, गुडघ्यावर फॉर्म ठेवून या बायका म्हशीच्या धारेचे तास करत होत्या. नर्स सिस्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवत होत्या, मग नळी तिरकी करून बघायचं, रक्त गोठलं की नाही. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष समजायचं आणि विषावरची लस सुरू करायची. नळी काचेची आणि स्वच्छ कोरडीच हवी, प्लास्टिकची चालत नाही; कितीतरी ठिकाणी अजून हेच माहीत नाही. या एका वाक्यासाठी तरी आमचा पेपर दुसऱ्या तालुक्यातल्या एखाद्या सिस्टरने वाचावा, एवढीच माझी अपेक्षा. ते वाक्य तिला दाखवायचे तीन हजार डॉलर. न भरले तर? मग पेपर कुलपात, आणि सिस्टरने उघडायचे चाळीसेक डॉलर. दोन्हीकडून दार आपल्याच नाकावर.

या देशात २००० ते २०१९ मध्ये सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. हा अंदाज २०२० मध्ये ईलाइफ या जर्नलमध्ये छापून आला आणि कुणालाही फुकट वाचता येतो, म्हणून तर मला इथे लिहिता आला. महाडला बसून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं, रक्तदाबाची साधी गोळी, आणि कोकणात विंचवाने मरणारी पोरं वाचू लागली. ते ज्ञान परदेशी जर्नलांत छापून आलं तेव्हा लेखकाकडे अडीच लाख मागायची पद्धत नव्हती. आज एखादा नवा बावस्कर कुठल्या गावात असला तर त्याला आधी बँकेत जावं लागेल, कर्ज कशासाठी या रकान्यात काय लिहायचं ते विचारायला.

आता उपरोध पुरे. माझ्याच्याने होत नाही.

प्रकाशकांवर माझा राग नाही, ते व्यापारी आहेत, धंदा करतात. माझा राग तुमच्यावर आहे, सर. हो, बढतीच्या समितीवर बसता त्या तुमच्यावर. आमचा पेपर त्या महागड्या जर्नलला का पाठवला? कारण माझा सहलेखक मेडिकल कॉलेजात सहायक प्राध्यापक आहे आणि तुम्ही त्याला पहिला प्रश्न विचारणार, 'इम्पॅक्ट फॅक्टर किती?', म्हणजे त्या जर्नलातल्या पेपरांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला तो आकडा. पेपरात काय आहे हे तुम्ही विचारणार नाही, कारण तुम्ही तो वाचलेलाच नसेल. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमात मुक्त, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या जर्नलांच्या डीओएजे या सूचीचंही नाव होतं. त्या सूचीत लेखकाकडून एक पैसा न घेणारी कितीतरी जर्नलं आहेत. म्हणजे नियम आडवा येत नव्हता, तुम्ही येता. आयसीएमआरचं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च १९१३ पासून निघतं आणि कुणालाही फुकट वाचता येतं. त्याला तुम्ही 'आपलं घरचं' म्हणून नाक मुरडता. मुंबईत केईएमच्या आवारातून निघणारं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन या शतकाच्या सुरुवातीलाच लेखकाकडून फी न घेता इंटरनेटवर सगळ्यांना खुलं केलं होतं, आणि खुलं केल्यावर त्यातल्या पेपरांचे संदर्भ वाढले, हे त्यांनी मोजून छापलंसुद्धा. परळमध्ये! ब्राझीलने १९९८ पासून सायलो या वेबसाइटवर आपली शेकडो जर्नलं खुली करून टाकली. आपण काय केलं? डीबीटी आणि डीएसटी या केंद्राच्या विज्ञान खात्यांनी २०१४ मध्ये धोरण काढलं की सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचा स्वीकारलेला मसुदा इंटरनेटवरच्या सार्वजनिक भांडारात ठेवा. फुकट आहे, कायदेशीर आहे, प्रकाशकाने मुदत घातली असेल तर ती संपल्यावर ठेवा, पंधरा मिनिटांचं काम आहे. तुमच्यापैकी किती जणांनी ठेवला? तुमच्या कॉलेजचं भांडार तरी कुठे आहे, ग्रंथपालांना एकदा विचारा. बिचारे पासवर्ड शोधतील.

आणि 'वन नेशन'च्या आत बसलेल्या मित्रांनो, ग्रुपवर कुणी पीडीएफ मागितली की हात जोडून काय बसता? तुमचा स्वतःचा पेपर कुणी मागितला तर निदान तो तरी पाठवा. मी तिघांना लिहिलं होतं. तिघेही मराठी. एकाचंही उत्तर नाही.

सहलेखकाशी माझं कडाक्याचं भांडण झालं आणि आम्ही पेपर मागे घेतला. मसुदा या आठवड्यात मेडआर्काइव्ह या मसुदे फुकट ठेवणाऱ्या आणि दाखवणाऱ्या साइटवर टाकतो आहोत, पैसे न घेणाऱ्या एका भारतीय जर्नलला पाठवतो आहोत, आणि काचेच्या नळीचा परिच्छेद मराठीत एका कागदावर छापून शेजारच्या तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांत लावणार आहोत. समितीने विचारलं तर त्या कागदाचा इम्पॅक्ट फॅक्टर शून्य आहे. लिहून घ्या.