‘फसवणूक’ या शब्दाबद्दल: जोडून पूर्ण केलेल्या टी-सेटवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर ते आजच्यापेक्षा बरंच कडक झालं असतं, म्हणून दोन दिवस थांबले.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. जुने टी-सेट कसे निवडावेत या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. ‘मेड इन इंग्लंड’ या छापाचं साल चुकलं, जुन्या रंगांतल्या शिसे या विषारी धातूबद्दल मी पुरेसं लिहिलं नाही, आणि शेवटी हे वाक्य: ‘चार बाजारांतून कप गोळा करायचे आणि त्याला सेट म्हणायचं ही वाचकांची फसवणूक आहे, खरा संग्राहक असं जोडकाम घरात आणत नाही.’

पहिला मुद्दा मान्य. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्यामुळे 1891 पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालावं लागलं, आणि तेव्हा इंग्लिश कपबश्यांखाली येऊ लागलं ते नुसतं ‘इंग्लंड’. ‘मेड इन इंग्लंड’ सहसा विसाव्या शतकातलं. मी दोन्ही एकाच ओळीत कोंबलं होतं. दुरुस्त केलं आहे, आभार. शिशाबद्दल: रंग झिजलेल्या किंवा झिलईवर बारीक भेगांचं जाळं पडलेल्या कपातून रोजचा चहा पिऊ नये, लिंबाचा तर नाहीच. हे मी लेखाखालच्या दुसऱ्या एका उत्तरात आधीच लिहिलं होतं.

आता ‘फसवणूक’.

हा शब्द तुम्ही किती सहज वापरलात! मी गेली नऊ वर्षं इथे लिहिते आहे. माझ्या चुका अनेकांनी काढल्या, पण माझ्या हेतूवर बोट कुणी ठेवलं नव्हतं. लेख नीट वाचला असतात तर तिसऱ्याच परिच्छेदात दिसलं असतं: बदली आलेला कप कोणता हे पाहुण्याला आणि पुढे विकत घेणाऱ्याला सांगायचं, लपवायचं नाही. जे उघड सांगितलं ती फसवणूक कशी?

फसवणूक म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. 1994 साली एका दुकानातून मी बोन चायनाची किटली घेतली. पगारातले पैसे महिनोन्महिने बाजूला टाकून घेतली होती. घरी पहिल्यांदा गरम चहा ओतला आणि तोटीच्या मुळाशी तपकिरी रेघ उमटली. तोटी तुटलेली होती. ती चिकटवून, भरून, वरून रंगवून दिली होती. दुकानदाराला ते माहीत होतं, मला नव्हतं. त्या दिवसापासून मी कोणतंही भांडं टिचकी मारल्याशिवाय हातातून खाली ठेवत नाही. अखंड असेल तर घंटेसारखा नाद घुमतो, तडा असेल तर आवाज बसका येतो. तोटी आणि कान जिथे जोडलेले असतात तिथे नख फिरवायचं, रंगवलेली जागा नखाला किंचित मऊ लागते. हे सगळं मी वाचकांना लिहून दिलं ते त्यांना फसवायला?

आता ज्या सेटचा फोटो पाहून तुम्ही हे लिहिलंत, त्याच्याबद्दल. तो माझ्या आईचा. माझे मामा जहाजावर होते, 1961 साली त्यांनी जपानहून नोरिताके या तिथल्या कंपनीचा सहा कपांचा सेट आणला. आईने तो पाहुण्यांसाठी जपला, तरी माझ्या लग्नापर्यंत चारच कप उरले होते. उरलेल्या दोन बश्यांवर ती देवाजवळ फुलं ठेवायची. दोन कप शोधायला मला अकरा वर्षं लागली. एक पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला, दुसरा एका ओळखीच्या घरातली आवराआवर चालू असताना. दुसऱ्याच्या कडेची सोनेरी रेघ किंचित जाड आहे, आणि दिवसाच्या उजेडात त्याचा पांढरा रंग बाकीच्यांपेक्षा थोडा निळसर दिसतो. त्याच्या तळाला मी चिठ्ठी चिकटवली आहे: कुठे मिळाला, कधी, कितीला. आई त्या कपातून दोन वर्षं चहा प्यायली. त्याला मी सेटमधला कप म्हणू नये असं तुमचं म्हणणं असेल, तर मी ते ऐकणार नाही.

आणि सेट एकाच पेटीतून, एकाच दिवशी घरात येतो ही समजूत तरी कुठली? नोरिताकेचीच अझेलिया नावाची गुलाबी फुलांची नक्षी घ्या. अमेरिकेत बफेलोची लार्किन कंपनी टपालाने साबण आणि घरगुती सामान विकायची आणि गिऱ्हाइकांना भेटीदाखल वस्तू द्यायची. 1920 नंतरच्या काळात अझेलियाची भांडी घराघरांत गेली ती अशी. आज बशी, पुढे कधीतरी साखरदाणी, मग किटली. ते सेट जन्मालाच तुकड्यातुकड्यांनी आले. त्यांना काय म्हणणार?

त्याहूनही मागे जा. ईस्ट इंडिया कंपनीने 1791 मध्ये चिनी पोर्सिलेनची घाऊक आयात थांबवली. इंग्लंडमधल्या ज्या घरांत चीनच्या कँटन बंदरातून आलेले सेट होते त्यांचे कप फुटायचे काही थांबले नाहीत. मग स्पोडसारख्या तिथल्याच कारखानदारांनी चिनी नक्षीबरहुकूम भरतीचे नग करून दिले. अशा सेटमध्ये काही कप चीनचे आणि काही इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरचे, आणि जाणकार ते तसंच नोंदवून जपतात.

तुमच्याकडचा सेट ‘मूळचा, अस्पर्श’ आहे असं तुम्ही लिहिलंत. चांगलं आहे. पण किटलीचं झाकण तिचंच आहे हे कशावरून ठरवलंत? सगळ्यात आधी फुटतं ते झाकण. ते खिडकीजवळ न्या आणि पांढरा रंग पोटाशी जुळतो का बघा. झाकण बसवून हलकेच फिरवा, डुगडुगतं का पाहा. तळाचे छापही एकेक करून बघा, फक्त वरच्या बशीचा नको. नोरिताकेच्या पानांच्या वर्तुळात एम असेल तर तो नग साधारण दुसऱ्या महायुद्धाआधीचा, एन असेल तर 1953 नंतरचा. एकाच टेबलावर दोन्ही निघाले तर तुमच्याही घरी माझ्यासारख्याच कुणीतरी कधीतरी कप शोधून आणला आहे. तुम्हाला ते सांगितलं गेलं नाही, एवढाच फरक.

याच कंपनीचं एक उदाहरण तुम्हाला पटावं. युद्धानंतर 1946 च्या सुमारास माल पूर्वीच्या दर्जाचा निघेना, तेव्हा तिने त्यावर नोरिताके हे नाव घातलं नाही, ‘रोझ चायना’ असा वेगळा छाप मारला. माल विकला, पण तो काय आहे हे तळाला दिसू दिलं. माझी चिठ्ठी त्याहून वेगळं काय करते?

‘खरा संग्राहक’ कोण, यावर मी वाद घालणार नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत तो अखंड सेट एका दिवसात घेऊ शकतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या लेखाला येणारी निम्मी पत्रं अशा लोकांची असतात ज्यांच्याकडे आजीचे तीन कप आणि एक टवका गेलेली किटली आहे. ते विचारतात, हे टाकून द्यावं का. त्यांना मी ‘नाही, उरलेले शोधा’ असं सांगते आणि यापुढेही सांगणार.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. छापाच्या सालाची दुरुस्ती तुमच्या नावासह लेखात टाकली आहे. ‘फसवणूक’ हा शब्द मात्र तुम्ही मागे घ्यावा अशी माझी अपेक्षा आहे.