१८६१ सालचा झगा, मशीनची टीप आणि खांद्याची शिवण

नमस्कार,

मी घरी शिवलेल्या १८६१ सालच्या धाटणीच्या इंग्रजी सुती झग्याविषयी आपण लिहिले आहे की, घेराच्या लांब शिवणी मशीनवर मारल्यानंतर त्याला ऐतिहासिक पोशाख म्हणणे ही वाचकांची दिशाभूल आहे. आणि जाता जाता, खांदा आजच्या ब्लाउजसारखा दिसतो, असेही नोंदवले आहे. आपण छायाचित्रे इतक्या बारकाईने पाहिलीत याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र यातला पहिला आक्षेप मला मान्य नाही.

एलियास हॉवे यांना शिलाई यंत्राचे पेटंट १८४६ मध्ये मिळाले आणि आयझॅक सिंगर यांना १८५१ मध्ये. त्यामुळे १८६१ पर्यंत हे यंत्र कारखान्यांपुरते उरले नव्हते, ते अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या सुस्थितीतल्या घरांतही येऊ लागले होते. पुरुषाचा एक सदरा हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटे लागतात आणि मशीनवर १ तास १६ मिनिटे, असे आकडे त्या काळी तिकडे प्रसिद्ध झाले होते. ज्या बाईला घरच्या सगळ्यांचे कपडे शिवावे लागत, तिने हे वाचून काय ठरवले असेल, हे शिवणकाम करणाऱ्या कोणालाही सांगायला नको. संग्रहालयांत जपलेल्या त्या दशकातल्या झग्यांतही लांब शिवणी मशीनच्या आणि बाकीचे काम हाताचे, अशी जोड आढळते. झगा १८३० सालचा असता तर आपले म्हणणे मी निमूटपणे मान्य केले असते. मीही मशीनवर फक्त सरळ टीप मारली आहे; झिगझॅग किंवा इंटरलॉक कुठेही नाही, आणि कापडाचे कच्चे काठ हातानेच गुंफले आहेत.

खरे हातकाम कमरेपाशी आहे आणि तिथे मशीनचा उपयोगच नाही. साडेचार मीटरचा घेर सत्तर सेंटिमीटरच्या कंबरपट्टीत बसवायचा होता. त्यासाठी वरचा काठ आत दुमडून त्यावर दोन समांतर धावदोरे घालतात, आणि खालच्या ओळीतला प्रत्येक टाका वरच्या टाक्याच्या बरोबर खाली यावा लागतो. दोन्ही दोरे एकदम ओढले की कापड हार्मोनियमच्या भात्यासारखे उभ्या घड्यांत गोळा होते. मग एकेक घडी वेगळी धरून तिचे टोक पट्टीला टाचायचे. माझ्या झग्यात अशा पावणेचारशे घड्या आहेत आणि त्यांना चार संध्याकाळी लागल्या. यावर मशीन चालवले तर घड्या चपट्या होऊन आडव्या पडतात. हाताने टाचलेल्या घड्या उभ्या राहतात आणि घेराला कमरेपासूनच बाहेर ढकलतात, म्हणून तो आतल्या पोलादी कड्यांच्या क्रिनोलिनवर मोकळा पसरतो. शिवाय घेराचे पट्टे सरळच राहतात, त्यांना तिरकी कात्री लागत नाही. उद्या उसवले तर जवळजवळ सगळे कापड सलग परत मिळेल, आणि नऊवारी न कापता नेसणाऱ्या घरात वाढल्यामुळे मला हा बेत फार जवळचा वाटतो.

खांद्याबाबत मात्र आपले अगदी बरोबर आहे, आणि माझ्या मते मशीनच्या टिपेपेक्षा ही चूक कितीतरी मोठी आहे. त्या काळी खांद्याची शिवण माथ्यावर नसे; ती पाठीकडे सरकलेली असे, आणि मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची जागा, खांद्याच्या टोकाखाली दंडावर उतरलेला असे, म्हणून तेव्हाच्या छायाचित्रांतल्या स्त्रियांचे खांदे उतरते दिसतात. मी नेहमीच्या ब्लाउजच्या मापावरून बेतले आणि शिवण सवयीने माथ्यावर आली. मुंढ्यात दोरी घातलेली बारीक उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी मी नीट बसवली होती, पण चुकीच्या जागी बसवलेली पट्टी कितीही सुबक असली तरी उसवावीच लागेल. पाठ वरून कापून कमी करता येईल. पुढचे दोन्ही भाग मात्र नव्याने बेतावे लागतील. उरलेले कापड काल जमिनीवर पसरून पाहिले, तेवढे त्यातून निघतात.