टिक वाजला की थांबायचं

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणतीही गोष्ट घट्ट करायची म्हणजे कचकून करायची. बंडीचं जू, कापसाच्या गाठोड्याची गाठ, पाहुण्याला जेवणाचा आग्रह, सगळं कचकून. त्यामुळे माझ्या मोटरसायकलच्या इंजिनावरचा तो इवलासा बोल्ट तुटला, तेव्हा मेकॅनिकला जराही वाईट वाटलं नाही.

"तुटला म्हंजे घट झालाच होता ना, गुरुजी," तो म्हणाला.

सहा मिलिमीटरचा बोल्ट, डोक्याला आठ नंबरचा पाना. गाडीच्या पुस्तिकेत त्याला 10 न्यूटन-मीटर जोर सांगितलेला. मेकॅनिकनं हातभर दांड्याचा पाना लावून अंगाचं अख्खं वजन टाकलं. अर्धा बोल्ट त्याच्या हातात आला, अर्धा ॲल्युमिनियमच्या भोकात राहिला. लेथवाल्यानं तो काढून नवे आटे पाडून दिले आणि वर सल्लाही दिला, "आता जरा हलक्या हातानं." हलका हात म्हणजे किती, हे मात्र कोणी सांगेना. म्हणून ठरवलं, टॉर्क पाना, म्हणजे पिळण्याचा जोर मोजणारा पाना, घ्यायचा.

तालुक्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं आधी विचारलं, "ट्रॅक्टर कोणता?"

"मोटरसायकल आहे."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लिंबू फोडायला कुऱ्हाड मागतोय. मग खरोखरच कुऱ्हाडीएवढा पाना काढून ठेवला. त्यावर लिहिलं होतं, 28 ते 210.

"अहो, मला 10 पाहिजे. हा 28 पासून सुरू होते."

"मंग जरा कमी जोर लावा ना!"

आता याला काय शिकवणार? या पान्यावर जेवढा आकडा लावावा, तेवढा जोर झाला की तो टिक वाजतो. 28 वर लावलेला पाना 10 ला टिक करतच नाही. तो बोल्ट तुटायची वाट पाहत गप्प बसतो. मोठ्या पान्याच्या पट्टीतल्या खालच्या पाचव्या हिश्शावर तसाही भरवसा ठेवू नये म्हणतात. गावात ज्याला त्याला मोठाच पाना हवा. लहान जोर मोजणारा पाना मागणाऱ्याच्या मनगटातच खोट काढतात.

शेवटी मोबाइलवर शोधलं. तिथं वेगळाच गोंधळ. एका पान्यावर न्यूटन-मीटर, दुसऱ्यावर इंच-पाउंड, तिसऱ्यावर किलो-सेंटिमीटर. माझे 10 कुठं 88 व्हायचे, कुठं 102. काट्याचा पाना स्वस्त आणि स्वभावानं सरळ: दांडी वाकते, काटा जागीच राहतो, आकडा वाचून घ्यायचा. पण इंजिनाखाली मान घालून, चष्मा सावरत आकडा वाचायचं माझं वय राहिलं नाही. म्हणून पाव इंची चौकोनाचा (ज्यावर बोल्टाची गोटी बसते तो), 5 ते 25 चा, टिक वाजणारा मागवला. कुरियरवाला गावात येत नाही. फाट्यावर, भर उन्हात, दीड तास उभा राहिलो.

घरी आणल्यावर शंका आली: स्वस्तातला पाना, खरं बोलत असेल कशावरून? बाबांचा कापूस मोजायचा कमानीचा काटा खुंटीला होता. पान्याच्या चौकोनापासून मुठीच्या मध्यापर्यंत 20 सेंटिमीटर भरले. म्हणजे 10 न्यूटन-मीटरला पाच किलोच्या किंचित वर टिक वाजायला हवा. चौकोन शिकंज्यात पकडला, मुठीला आकडा अडकवून हळूहळू ओढलं. पाचच्या जरा पुढं, टिक!

मी आनंदानं बाबांकडे पाहिलं.

"पाच किलो?" बाबा म्हणाले. "पाच किलो वजनासाठी एवढे पैसे घातले? पोरीबाळी ओट्यात याच्याहून जास्त कापूस आणतात बे!"

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला पाना दाखवला. त्यानं बोल्ट आवळला, टिक वाजला, त्यानं पुन्हा ओढलं, पुन्हा टिक.

"थांबा ना! टिक वाजला की थांबायचं."

"गुरुजी, एक टिक कंपनीची, एक आपली."

मी पाना हिसकावून घेतला, मूठ फिरवून आकडा खाली 5 वर आणला आणि डब्यात ठेवला. ताणून ठेवली तर आतली स्प्रिंग बिघडते. तेव्हापासून गावभर बातमी आहे की, गुरुजींकडे बोलणारा पाना आहे. काल रात्री फोन आला, "गुरुजी, तुमचा तो टिकवाला द्या ना जरा. ट्रॉलीचा नट जाम झाला, खोलाचा हाये."

पाना सध्या ज्वारीच्या कोठीत आहे. बाबांनाही सांगितलेलं नाही.