ओव्हरक्लॉकिंगचे पैसे घेऊनही वेग वाढवला नाही, या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या राजारामपुरीतील दुकानाला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय संपूर्ण वाचला. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे : फ्लाइट सिम्युलेटरसाठी आम्ही जुळवून दिलेल्या संगणकात ओव्हरक्लॉकिंगचे (संगणकाचे भाग ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचे) वेगळे पैसे लावूनही प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही, महागडे ग्राफिक्स कार्ड असूनही लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरताना चित्र अडखळते, आणि आता मशीन आपोआप रिस्टार्ट होऊ लागल्यावर आम्ही जबाबदारी आपल्यावर ढकलतो. पुण्यातील आपल्या मित्राचे मशीन ६ गिगाहर्ट्झवर चालते, हेही आपण नमूद केले आहे. असे मशीन करून घेऊ पाहणारे इतर ग्राहकही हे वाचतील, म्हणून उत्तर सविस्तर देत आहोत.

प्रथम ५ गिगाहर्ट्झविषयी. आपल्या मशीनमध्ये एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी हा प्रोसेसर आहे आणि त्याचा कमाल वेग कंपनीनेच ५ गिगाहर्ट्झ असा जाहीर केलेला आहे. त्याचा मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, कुलूपबंद असतो, त्यामुळे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) सरळ मोठा आकडा भरून वेग वाढवण्याची सोय त्यात नाही. ही गोष्ट ऑर्डर घेताना सांगितली होती आणि कोटेशनवरही लिहिली होती. मग हाच प्रोसेसर का सुचवला, याचे कारण त्याच्या कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतच असलेल्या जलद स्मृतीत आहे. त्याच मालिकेतील साध्या ७७००एक्समध्ये एल३ (तिसऱ्या पातळीची) कॅश ३२ एमबी असते. याच्यात त्या ३२ एमबीवर आणखी ६४ एमबीचा थर चढवून ती ९६ एमबी केलेली आहे. सिम्युलेटरमध्ये प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरील प्रत्येक चित्राला, विमानावरील हवेचा दाब, इंजिन, कॉकपिटमधील उपकरणे, आसपासची विमाने आणि खालची जमीन या सर्वांचा हिशेब नव्याने करावा लागतो, आणि त्यासाठी लागणारी माहिती कॅशमध्ये सापडली नाही की प्रोसेसरला रॅमकडे धाव घेऊन तिची वाट पाहत बसावे लागते. वाट पाहणारा प्रोसेसर साडेपाच गिगाहर्ट्झवर असला तरी तो वाटच पाहतो. कागदावर वेग कमी असूनही हा प्रोसेसर सिम्युलेटरमध्ये ७७००एक्सच्या पुढे राहतो, तो यामुळेच.

मात्र या रचनेची एक किंमत मोजावी लागते. ७००० मालिकेत हा कॅशचा थर कोअरच्या (प्रोसेसरमधील प्रत्यक्ष गणना करणाऱ्या भागांच्या) डोक्यावर बसतो, त्यामुळे खालची उष्णता कूलरपर्यंत पोहोचायला अडथळा होतो. म्हणूनच कंपनीने याची तापमानाची मर्यादा ८९ अंशांवर ठेवली आहे आणि व्होल्टेजवरही बंधन घातले आहे. प्रोसेसर खात असलेली वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे थोडे व्होल्टेज वाढवले तरी उष्णता पुष्कळ वाढते. २०२३ साली काही मदरबोर्डांवर याच मालिकेतील प्रोसेसर जळाल्यानंतर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधील रॅम सांभाळणाऱ्या भागाचे व्होल्टेज) १.३ व्होल्टच्या आत बांधणारे बायोस निघाले, हे या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ९८००एक्स३डीमध्ये कॅश कोअरच्या खाली नेली आहे आणि त्याला कुलूपही नाही. आपल्याला तोही पर्याय दाखवला होता. किमतीतील फरक पाहून आपण ७८००एक्स३डी निवडला, आणि तो निर्णय आमच्या मते योग्यच होता.

आपल्या मित्राच्या ६ गिगाहर्ट्झवर आम्ही शंका घेत नाही. इंटेलच्या आय९ १४९००केचा तो आकडा कंपनीच्याच माहितीपत्रकात आहे. पण तो एक-दोन कोअरपुरता आणि तापमान आटोक्यात असेपर्यंतचा आहे. दोन वेगळ्या रचनांच्या प्रोसेसरची तुलना नुसत्या गिगाहर्ट्झवर करता येत नाही.

आता पैसे कशाचे लावले ते सांगतो. रॅमचा वेग ६००० वर नेणारे एक्स्पो प्रोफाइल (रॅमसोबत येणारी तयार सेटिंग) हे एएमडीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच आहे, कारण या प्रोसेसरसाठी दोन स्टिकची अधिकृत मर्यादा ५२०० आहे. ते प्रोफाइल बायोसमध्ये एका क्लिकवर चालू होते. पण ते रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवूनही एकही चूक न दाखवता टिकते का, हे पाहायला वेळ लागतो. दुसरे काम कर्व्ह ऑप्टिमायझरचे. यात प्रत्येक कोअरला त्याच वेगासाठी किती कमी व्होल्टेज पुरते हे शोधावे लागते. एक पायरी खाली उतरली की साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी होतात, आणि प्रत्येक कोअरची सहनशक्ती वेगळी असते. उष्णता कमी झाली की प्रोसेसर आपल्या कमाल वेगावर जास्त काळ टिकून राहतो. कुलूपबंद प्रोसेसरवर करण्याजोगे ओव्हरक्लॉकिंग ते हेच. ही चाचणी आम्ही मुद्दाम एसी नसलेल्या खोलीत घेतो, कारण कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीजवळ जातो आणि ग्राहकाच्या घरी प्रत्येक खोलीत एसी असतोच असे नाही. शेवटी ठरलेले सर्व आकडे छापून तो कागद बिलाला जोडून दिला होता.

हीथ्रोवर चित्र का अडखळते, हे आपल्याला घरबसल्या तपासता येईल. सिम्युलेटरच्या जनरल ऑप्शन्समध्ये डेव्हलपर मोड चालू करा आणि डीबगच्या मेनूतून डिस्प्ले एफपीएस निवडा. कोपऱ्यात जी चौकट येते तिच्यात ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ असे दिसले, तर अडचण ग्राफिक्स कार्डाची नाही, प्रोसेसरवर एकामागून एक कामे करणाऱ्या सिम्युलेटरच्या मुख्य थ्रेडची आहे. आणखी खात्री करायची असेल तर रेंडर स्केल (चित्र किती बारकाईने काढायचे ते प्रमाण) १०० वरून ५० वर आणा. चित्र धूसर होईल, पण फ्रेम वाढणार नाहीत, कारण कार्ड आधीच रिकामे बसलेले असते. आपल्या मशीनवर दुकानात हेच आपल्यासमोर करून दाखवले होते. कोल्हापूर विमानतळाच्या, म्हणजे उजळाईवाडीच्या धावपट्टीवरून उड्डाण केल्यावर आजूबाजूला शेते आणि मोजकी घरे असतात, त्यामुळे तिथे सर्व काही लोण्यासारखे चालते. हीथ्रोवर तेच मशीन शेकडो इमारती, फाटकांवरील विमाने आणि जमिनीवरील गाड्या यांचा हिशेब एकाच मुख्य थ्रेडवर ओढत असते. आपण टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमिनीचा तपशील किती दूरवर दाखवायचा ती पातळी) ४०० वर आणि विमानांची वर्दळ पूर्ण ठेवली होती. ती २०० वर आणि वर्दळ निम्म्यावर आणली की उतरताना फरक लगेच जाणवतो, आणि खरे सांगायचे तर डोळ्यांना दिसणारे नुकसान फार थोडे असते. फ्रेम जनरेशन चालू केल्यास फ्रेमचा आकडा वाढेल. पण त्यातल्या मधल्या फ्रेम कार्डाने रचलेल्या असतात, मुख्य थ्रेडवरचे ओझे त्याने हलके होत नाही.

सर्वांत गंभीर मुद्दा रिस्टार्टचा. मशीन आपण दुकानात आणले तेव्हा बायोस आपल्यासमोरच उघडून आमच्या कागदाशी ताडून पाहिला. कागदावर प्रत्येक कोअरचा कर्व्ह ऑप्टिमायझरचा आकडा वेगवेगळा आहे; बायोसमध्ये सर्व कोअर सरसकट उणे ३० वर, म्हणजे तीस पायऱ्या खाली होते. एका परिचितांनी ते करून दिले आणि तासभर प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा प्रोग्राम) चालवून ‘स्टेबल’ असल्याची खात्री केली, असे आपण सांगितले. त्यांच्या कामाला नावे ठेवण्याचा हेतू नाही, परंतु नेमकी हीच चाचणी इथे फसवते. सर्व कोअरवर पूर्ण ताण असताना वेग थोडा खाली आलेला असतो आणि कमी व्होल्टेज निभावून जाते. खरी परीक्षा होते ती मशीन जवळजवळ रिकामे असताना, जेव्हा एखादाच कोअर क्षणभर आपल्या सर्वोच्च वेगावर उडी घेतो. म्हणूनच आपले मशीन उड्डाण चालू असताना न पडता ब्राउझर उघडताना पडत होते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरमधील चुकांच्या नोंदी होत्या. त्यांतला ॲपिक आयडी (चूक कुठल्या कोअरवर झाली ते सांगणारा क्रमांक) बहुतेक वेळा एकाच कोअरकडे बोट दाखवत होता, आणि आमच्या कागदावर सर्वांत जपून आकडा दिलेला कोअर तोच आहे. या नोंदींचा फोटो आपल्या मोबाइलवर आपणच काढून घेतला आहे, तो कृपया पुन्हा पाहावा.

दुसरा बदल रॅमचा. आम्ही १६ जीबीच्या दोन स्टिक बसवल्या होत्या. आता चार आहेत. चार स्टिकसाठी याच प्रोसेसरची अधिकृत मर्यादा ३६०० पर्यंत खाली येते, आणि मशीन त्याच वेगावर आलेले आढळले. पहिल्यांदा चालू करताना पडदा बराच वेळ काळा राहिला आणि मशीन गेले असे वाटले, असे आपण लिहिले आहे. डीडीआर५ रॅम बदलल्यावर मेमरी ट्रेनिंग चालते, म्हणजे मशीन नव्या रॅमशी जुळवून घेते, त्याला कधीकधी काही मिनिटे लागतात. तो बिघाड नव्हता. परंतु ६००० ची रॅम ३६०० वर आल्यामुळे हीथ्रोवरील फ्रेम आणखी घसरल्या, यात आश्चर्य नाही.

काउंटरवर आपल्याला थांबावे लागले, हे खरे आहे. शनिवारी सायंकाळी गर्दी असते. आधी फोन केल्यास वेळ राखून ठेवू.

पैसे परत करण्याची आपली मागणी आज मान्य करता येत नाही, कारण ज्या कामाचे पैसे घेतले ते काम झाले आहे आणि त्याचा कागद आपल्याकडे आहे. मात्र मशीन घेऊन या. जुन्या दोन स्टिक आणि कागदावरील आकडे ठेवून आम्ही ते चार दिवस चालवून पाहू, त्याचे शुल्क घेणार नाही. त्या स्थितीत ते एकदा जरी आपोआप रिस्टार्ट झाले, तर दोष शोधून भाग वॉरंटीत बदलून देणे आणि ट्यूनिंगचे पैसे परत करणे ही आमची जबाबदारी राहील. ६४ जीबी खरोखर हवी असेल तर ३२ जीबीच्या दोन स्टिकची जोडी घ्यावी. आधीची जोडी आम्ही वाजवी किमतीत परत घेऊ. तोपर्यंत बायोसमध्ये आणखी बदल करू नयेत, आणि आणताना कॅबिनेट गाडीत आडवे, ग्राफिक्स कार्ड उभे राहील अशा बाजूवर ठेवावे, म्हणजे खड्ड्यांतून येताना कार्डाचे वजन स्लॉटवर पडणार नाही.