खमंग म्हणजे तिखट नव्हे!

रेसिपीच्या व्हिडिओत हल्ली मिरची जास्त पडली की 'खमंग', वर तर्री दिसली की 'चमचमीत'. येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळ-गहू-मसाल्याच्या पुडीची, आमटी खाणाऱ्या मराठवाड्यात तरी हे खपू नये. चवीचा शब्द नुसता कौतुकाला नसतो. काय बिघडलं आणि आता काय करायचं, हे त्यातच सांगितलेलं असतं.

खमंग हा भाजण्याचा शब्द आहे. येसराला हरभऱ्याची डाळ, गहू, धणे, जिरे सगळं मंद आचेवर भाजतात, पण वेगवेगळं. एकदम कढईत ओतलं तर डाळ आतून कच्ची असतानाच जिरं जळतं. मग आमटी एकाच घोटात कच्चट आणि करपटही लागते, आणि बोल बसतो मसाल्याला! डाळ बदामी झाली, घरभर वास सुटला की खमंग. त्याच्या थोडं पुढे, तांबूस डाग पडले की खरपूस. धपाट्याला, भाकरीला ते हवंच, येसराला नको. त्यापुढे करपट, आणि करपटाला औषध नाही. गूळ घातला तर गोड-करपट होतं, एवढंच. म्हणून वास सुटला की डाळ लगेच परातीत काढायची. गॅस बंद केला तरी तापलेल्या कढईत ती भाजतच राहते.

अळणी आणि सपक यांचीही अशीच गल्लत. अळणी म्हणजे बिनमिठाचं, मूळ शब्दच 'अलवण'. मीठ टाकलं, विषय संपला. सपक वरणात मीठ बरोबर असूनही तिखट-आंबट काहीच जिभेवर येत नाही. त्यात मीठ वाढवत गेलात तर सपक ते सपकच, वर खारट. त्याला थोडा चिंचेचा कोळ आणि वरून लसणाची फोडणी लागते.

शेंगदाण्याचा कूट खवट झाला म्हणजे दाण्यातलं तेल बिघडलं. परत भाजून तो खमंग होत नाही, टाकूनच द्यावा.

आणि एक, आयुर्वेदावरच्या पोस्ट फिरवणाऱ्यांसाठी. तिथला 'कटु' म्हणजे आपलं तिखट, आणि 'तिक्त' म्हणजे आपलं कडू. कटूचा मराठीत कडू झाला आणि अर्थ फिरला. त्रिकटू म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी. त्यात कारल्यासारखं कडू काहीच नाही.